पावसाळा न काढलेली वाळू

गेल्या नोव्हेंबरात आमच्या इमारतीच्या पश्चिमेच्या भिंतीसमोर ड्रोन उभा राहिला तेव्हा मी गच्चीवर होतो. खाली जांभ्या दगडाची चिरेखाण, मध्ये हवा आणि त्या हवेत चार पंख्यांचं ते यंत्र. डॉक्टर रोग्याला कूस बदलायला सांगून पाठ तपासतो, तसं ते भिंतीवरून हळूहळू सरकत होतं. खरं तर इमारत किती दिवस टिकेल याची काळजी मला असायला हवी होती, कारण मी त्याच इमारतीत राहतो. पण माझ्या मनात एकच होतं. आता शेठ सापडतो.

मी शहात्तर वर्षांचा आहे. कुणाला माफ करायला हे लिहीत नाही. जे घडलं ते माझ्या अक्षरात एकदा खोटं लिहिलं गेलं आहे. आता खरं लिहितो, एवढंच.

पस्तीसेक वर्षांपूर्वी ही इमारत बांधली तेव्हा मी साइटवर सुपरवायझर होतो. बांधणाऱ्याला आम्ही सगळे शेठ म्हणायचो. रत्नागिरीत तेव्हा चार मजली इमारती मोजक्याच होत्या. शेठने जागा निवडली ती जुन्या चिरेखाणीच्या काठावर. समोर खाडी दिसते म्हणून मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी ब्लॉक भराभर घेतले. पश्चिमेला इमारत आणि खाण यांच्यात दीड माणूस रुंदीची पट्टी तेवढी उरली. तिथे एक नळ होता.

आमच्याकडे खाडीतली वाळू लगेच वापरत नाहीत. तिच्यात मीठ असतं. ती उघड्यावर ढीग करून ठेवायची, एक पूर्ण पावसाळा तिच्यावरून जाऊ द्यायचा, मध्ये दोनदा फावड्याने वरची खाली करायची. मग मीठ धुऊन जातं. याला वाळूने पावसाळा काढला म्हणतात. जुने गवंडी चिमूटभर वाळू जिभेवर ठेवून सांगत, काढला की नाही.

आमच्या साइटवर पावसाळा काढलेला मोठा ढीग होता. एप्रिलमध्ये शेठने तो ट्रकने उचलून स्वतःच्या बंगल्याच्या कामावर नेला. त्या बंगल्याला आजपर्यंत एक भेग नाही. आमच्या साइटवर खाडीतून नुकती उपसलेली, अजून ओली अशी वाळू आली. पश्चिमेचे छज्जे ओतायचे होते, गिलावा बाकी होता आणि मे महिन्याच्या सुटीत मुंबईकर ताबा घ्यायला येणार होते.

आमचे मिस्त्री हातखंब्याच्या पलीकडच्या एका वाडीतले. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मितभाषी, हात मात्र सरळ. त्यांनी वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकले.

"भाऊ, ही वाळू परवा काढलानी. हिनं पावसाळा काढलान नाय. मी नाय लावनार."

मीही चिमूटभर तोंडात टाकली. खारट होती. एवढी की पाणी प्यावं लागलं. मी शेठकडे गेलो. शेठ म्हणाला, लोकांच्या घरात चुली पेटू देत, मग मिठाचं बघू. आणि मिस्त्रीला नको असेल तर मुंबईहून दुसरी टोळी येईल, तुझ्या जागीही दुसरा. मी परत आलो आणि मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही काम करा. तुमची हरकत मी रजिस्टरात लिहितो, खाली तुम्ही सही करा. उद्या काही झालंच तर बोट तुमच्याकडे येणार नाही.

माझ्या शब्दावर ते कामाला लागले. संध्याकाळी मी रजिस्टर उघडलं तेव्हा शेठ शेजारी खुर्ची टाकून बसला होता. मी लिहिलं, 'वाळू एक पावसाळा काढलेली असून मिस्त्रींनी स्वतः तपासून पसंत केली आहे.' मिस्त्रींना सही करता येत होती, वाचता येत नव्हतं. त्यांनी विचारलंही नाही. एकेक अक्षर कोरत त्यांनी नाव लिहिलं आणि हात धुवायला गेले. पुढे मला याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर घर मिळालं. कशाबद्दल मिळालं हे शेठने कधी बोलून दाखवलं नाही. गरजही नव्हती.

आठ-नऊ पावसाळे गेले. एका श्रावणात तिसऱ्या मजल्याचा पश्चिमेचा छज्जा सुटून पट्टीत पडला. नळावर एक बाई पिंप धूत होती. मिस्त्रींच्या वाडीतलीच, त्यांच्या बायकोने तिला इथल्या तीन घरांची भांड्यांची कामं लावून दिली होती. त्या तीन घरांत आमचं घर होतं. पिंपही आमचंच. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली पुन्हा कधी सरळ झाला नाही.

चौकशी झाली. शेठने रजिस्टर पुढे केलं आणि सांगितलं की गवंड्याने सिमेंट खाल्लं. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला दोनच प्रश्न विचारले. हे अक्षर तुमचं? हो म्हटलं. ही सही मिस्त्रींची? हो म्हटलं. दोन्ही उत्तरं खरी होती. मिस्त्री समोर उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले, साहेबांकडे नाही. तिसरा प्रश्न कुणी विचारला नाही आणि मी घरी येऊन जेवलो. बायको तेव्हा म्हणाली, "विचारल्याशिवायही बोलता येतं माणसाला." पुढे ती पंधरा वर्षं जगली. तो विषय तिने परत काढला नाही, पण त्या नळाचं पाणीही कधी वापरलं नाही.

मिस्त्रींना त्यानंतर शहरात कुणी थापी धरू दिली नाही. ते वाडीत गेले, तर तिथे आणखी वाईट झालं. ती बाई त्यांच्याच वाडीतली; वाडी म्हणायची, पाय तिचा गेला आणि सिमेंट यांनी खाल्लं. शिमग्यात आमच्याकडे ग्रामदेवतेची पालखी घरोघरी जाते. ज्याच्या अंगणात ती उतरत नाही तो गावात असून नसल्यासारखा. त्या वर्षापासून पालखी मिस्त्रींच्या अंगणाच्या दगडी गडग्यापाशी यायची आणि न थांबता पुढच्या घरी जायची. त्यांच्या दोन्ही मुलांची लग्नं मुंबईत झाली, वाडीतलं कुणी गेलं नाही. हे मला शेठच्या एका ड्रायव्हरने हसत हसत सांगितलं होतं. तेव्हा मी त्याच्या बरोबर हसलो नाही, पण उठूनही गेलो नाही.

आता शेठबद्दल. माझा राग नुसता वाळूचा असता तर कदाचित वयाबरोबर विझला असता. पण दोन ब्लॉक स्वतःकडे ठेवून शेठ सोसायटीचा चेअरमन झाला, आणि दर वर्षी सत्यनारायणाला, दर सभेला, जिन्यात भेटला की तो माझ्या खांद्यावर हात ठेवायचा. म्हणायचा, "भाऊ आपला माणूस. अक्षर काय, मोत्यासारखं." लोकांना वाटायचं कौतुक करतोय. मला कळायचं की रजिस्टर अजून त्याच्या कपाटात आहे. बायको गेली त्या दिवशीही स्मशानात त्याने तोच हात त्याच खांद्यावर ठेवला. त्या दिवशी मी ठरवलं की या माणसाला मी चारचौघांत खाली बसवीन. मग मला सोबत बसावं लागलं तरी चालेल.

संधी यायला अकरा वर्षं लागली. इमारत जुनी झाली, पाडून नवी बांधायची बोलणी निघाली. शेठच्या मुलालाच ते काम मिळावं असं शेठने सगळं जुळवून आणलं होतं. त्याआधी इमारतीची तपासणी करणं भाग होतं. शेठने ओळखीचा एक इंजिनिअर सुचवला. तो पुढून बघणार, गच्चीवरून वाकून बघणार आणि वयोमानाने जीर्ण असं लिहून देणार. पश्चिमेला खाणीमुळे परांची बांधता येत नाही, हे सगळ्यांना पाठ होतं. अपघातानंतर दोरावर माणसं सोडून तिथे गिलाव्याचा हात आणि रंग फिरवला होता, त्यामुळे लांबून, खाडीवरच्या होडीतून पाहिलं तरी भिंत नवरीसारखी दिसायची. त्यानंतर जवळून ती कुणी पाहिलीच नव्हती.

मी सेक्रेटरी होतो. सभेत मी म्हटलं की ड्रोनने तपासू. शेठ मोठ्याने हसला.

"भाऊंना नातवंडं नाहीत ना, म्हणून लग्नात उडवतात तसलं खेळणं हवंय."

सगळे हसले. मीही हसलो. पण तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी, ज्यांच्या खिडकीवरचा छज्जा पडून गेला होता, हात वर केला. त्यांच्यामागे पश्चिमेकडच्या सगळ्या घरांनी केला. शेठला हसू आवरतं घ्यावं लागलं.

ड्रोन उडवणारी बाई चिपळूणहून आली. पस्तिशीची, इंजिनिअर, पायात जाड बूट. आमच्याकडे विमानतळ जवळ, म्हणून परवानगीतच तीन आठवडे गेले होते. ती म्हणाली की फोटो सकाळी काढायचे, दुपारी खाडीवरून वारा सुटायच्या आत. आणि उष्णता टिपणारा कॅमेरा दुपार कलताना लावायचा, भिंतीवर ऊन आल्यावर. गिलावा आतून सुटलेला असेल तर तेवढा भाग बाकीच्या भिंतीपेक्षा लवकर तापतो, पडद्यावर वेगळा दिसतो.

सकाळी पहिल्याच फेरीत माडावरची घार ड्रोनवर चालून आली. बाईंनी यंत्र खाली घेतलं आणि घार कंटाळून जाईपर्यंत माझ्याकडून चहा घेतला. त्यांना मी सांगितलं की तिसऱ्या मजल्याचे छज्जे खालून बघा. त्यांनी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत काका, काय दिसणार ते?" मी म्हटलं, अंदाज.

दिसलं ते अंदाजापेक्षा जास्त होतं. रंगाच्या आत मिठाचे पांढरे फुलोरे. छज्ज्यांच्या पोटाला लांबच लांब भेगा, त्यांतून ओघळलेला गंज, दोन ठिकाणी सळ्या उघड्या पडून झाडाच्या सालीसारख्या सुटलेल्या. दुपारच्या फेरीत अख्खी भिंत पिवळ्या-केशरी डागांनी भरून गेली. बाई म्हणाल्या, "भिंतीला पुरळ आलंय, काका." मग गंभीर होऊन त्यांनी बजावलं की कॅमेऱ्याला पोकळी दिसते, ती कशाने झाली हे कळत नाही. त्यासाठी भिंतीचे तुकडे काढून तपासायला हवेत. मास्तरीणबाईंच्या खिडकीतून हात पोचेल तेवढे तुकडे आम्ही त्याच आठवड्यात काढले आणि प्रयोगशाळेत पाठवले.

अहवाल आला तो मी तीन वेळा वाचला. सिमेंट योग्य होतं. मीठ मर्यादेच्या कितीतरी पट होतं. सिमेंट योग्य होतं, हे वाक्य मी चौथ्यांदा वाचलं. मग मी खास सभा बोलावली.

खालच्या हॉलमध्ये टीव्ही लावला. शेठ पुढच्या खुर्चीत, शेजारी मुलगा, मांडीवर कापडी पिशवी. चित्रं सुरू झाली तशी माणसं उठून टीव्हीजवळ गेली. आपापली खिडकी ओळखून बायका तोंडावर हात ठेवत होत्या. मी पडद्याकडे एकदाही पाहिलं नाही. मी शेठचा चेहरा बघत होतो. खरं सांगायचं तर मला गोड लागत होतं. हावरटासारखं बघत होतो मी. त्याच्या कपाळावर घाम आला तेव्हा वाटलं, दिवे आणखी मोठे असायला हवे होते.

चित्रं संपल्यावर शेठ शांतपणे म्हणाला की हे तर जुनंच आहे. त्या गवंड्याने सिमेंट खाल्लं, चौकशीत सिद्ध झालं आहे. मी अहवालातलं सिमेंटचं वाक्य वाचलं, मग मिठाचं. तेव्हा शेठने पिशवीतून रजिस्टर काढलं. मला ठाऊक होतं तो काढणार. त्याने पान उघडून मास्तरीणबाईंच्या हातात दिलं आणि माझ्याकडे वळला.

"हे अक्षर कुणाचं, भाऊ? सांग सगळ्यांना."

"माझं," मी म्हटलं. "आणि ते खोटं आहे. वाळू खारी होती. मी चाखली होती. मिस्त्रींनी नाही म्हटलं होतं. तुझ्या बंगल्याला चांगली वाळू गेली आणि तू शेजारी बसून माझ्याकडून हे लिहून घेतलंस."

शेठला मी आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं. त्याला वाटलं होतं की मी स्वतःला वाचवीन. सगळी वर्षं त्याने त्याच भरवशावर काढली होती. तो उठला, पण मुलाने त्याला खाली बसवलं, आणि मला पाहिजे होतं ते मी पाहिलं. चेअरमनपद त्याच महिन्यात गेलं. मुलाला काम मिळालं नाही. पश्चिमेची घरं रिकामी करून छज्ज्यांखाली टेकू लागले. शेठ आता बंगल्याबाहेर फारसा पडत नाही. कुणी सांगितलं की त्याला झोप लागत नाही. मला त्या बातमीने चांगली झोप लागली, हे लपवत नाही. माझ्याशीही इमारतीत कुणी बोलत नाही. मास्तरीणबाई सणाला वाटी पाठवायच्या, ती बंद झाली. ते योग्यच आहे.

जानेवारीत मी एसटीने मिस्त्रींच्या वाडीत गेलो. फोनमध्ये ड्रोनची चित्रं होती, खिशात अहवाल. मला वाटत होतं की मी त्यांच्यासाठी काहीतरी जिंकून आणलं आहे. बक्षीस घेऊन निघालेल्या माणसासारखा चालत होतो मी.

मिस्त्री पडवीत सुपाऱ्या सोलत बसले होते. केस पार पांढरे. मला ओळखलं, बसा म्हटलं नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी चष्मा लावून भिंत पाहिली. डागांबद्दल काही विचारलं नाही. छज्ज्यांची कड बघून म्हणाले की ओळंबा अजून बरोबर आहे. मग फोन माझ्याकडे दिला.

"शेठला पाडलात. बरं केलात. तो तुमचा सूड झाला, भाऊ. माझा खंय झाला?"

मी म्हटलं, अख्ख्या सोसायटीसमोर तुमचं नाव साफ केलं.

"सोसायटी माझी कोण लागते? पालखी सोसायटीतून जाते काय? माझ्या वाडीत बोला."

मी म्हटलं की माझी चूक झाली, मला माफ करा. ते पुन्हा सुपारी सोलायला लागले. आतून त्यांच्या बायकोने विचारलं कोण आलंय, तर म्हणाले, कुणी नाय, रजिस्टरवाले आलेत.

शिमग्याच्या आधी गावकी बसते, तिच्यात पालखीचा रस्ता ठरतो. त्या दिवशी मी परत गेलो. मिस्त्रींनी मानकऱ्यांना सांगून ठेवलं होतं की एक माणूस बोलणार आहे. देवळाच्या सभामंडपात चाळीसेक माणसं होती. खांबाला टेकून ती बाई बसली होती, पाय लांब करून, काठी शेजारी. केस तिचेही पिकले होते. सोसायटीत बोलताना माझ्यासमोर शेठ होता, त्या रागावर मी बोललो होतो. इथे राग धरायला कुणी नव्हतं. वाळूपासून पिंपापर्यंत सगळं सांगायला मला बराच वेळ लागला. चित्रं कुणी मागितली नाहीत. अहवाल गावकीचे प्रमुख असलेल्या गावकरांनी हातात घेतला, मुंबईहून आलेल्या एका शिकलेल्या माणसाकडून सिमेंटचं वाक्य मोठ्याने वाचून घेतलं आणि परत दिला.

ती बाई म्हणाली, "तुमच्याकडं भांडी घासायची मी. छज्जा पडल्यावर तुमची बायको आली धावत. तुम्ही खिडकीतनं बघत होता."

मी हो म्हटलं.

"तेव्हाच ठाऊक होतं तुम्हाला, कशानं पडला?"

मी हो म्हटलं. ती मिस्त्रींकडे वळली. इतक्या वर्षांत ती त्यांच्याशी बोलली नसावी, कारण तिला सुरुवात सापडेना. शेवटी तिने नुसते हात जोडले. मिस्त्रींनी मान हलवली.

मानकऱ्यांना फार वेळ लागला नाही. या शिमग्यापासून पालखी मिस्त्रींच्या अंगणात उतरेल, आणि पहिली तिथेच उतरेल, असं ठरलं. मग गावकर गाऱ्हाणं घालायला उठले. माझ्याकडून नारळ ठेवून घेतला. गाऱ्हाणं म्हणजे जे झालं ते देवाच्या कानावर घालायचं आणि काय हवं ते मागायचं. त्यांनी मला विचारलं की या भाऊंची चूक पदरात घे असं घालू ना. मी काही बोलायच्या आत मिस्त्री उठले. आवाज चढवला नाही.

"माफीचं घालू नका. काय घडलं तेवढं घाला. पुढचं देव बघेल."

गावकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी देवाला हाक मारून एकेक गोष्ट सांगितली, वाळू कुठून आली, कुणी चाखली, कुणी नको म्हटलं, कुणी काय लिहिलं, कुणाचा पाय गेला, कुणाचं अंगण सुनं राहिलं. शेठचं नाव एकदा आलं. माझं चार वेळा आलं. प्रत्येक गोष्टीनंतर सगळी माणसं एका आवाजात व्हय महाराजा म्हणत होती. पहिल्या दोन वेळा मी गप्प राहिलो. शेजारच्या म्हाताऱ्याने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाला, तुमचंच चाललंय, म्हणा की. तिसऱ्या वेळेपासून मीही म्हणायला लागलो.